माजी ड्रायव्हरांचं समालोचन : कोणाचं ऐकावं आणि आवाज कुठे बंद करावा

करुण चंढोकच्या नावावर फॉर्म्युला वनच्या ११ शर्यती आहेत आणि गुण शून्य. अँथनी डेव्हिडसनच्या २४ शर्यती, गुण शून्य. जोलियन पामरने ३५ शर्यतींत मिळून ९ गुण कमावले. मार्टिन ब्रंडल १५८ शर्यतींत नऊ वेळा पोडियमवर चढला, पण मधल्या उंच पायरीवर एकदाही नाही. इंग्रजीतून फॉर्म्युला वन पाहणाऱ्याला गाडीच्या आत नेमकं काय चाललंय ते कळेल असं सांगणारे माजी ड्रायव्हर मोजायला घेतले, तर पहिली चार नावं हीच. जगज्जेतेही त्याच स्टुडिओत बसलेले असतात. ते छान दिसतात, छान हसतात आणि बऱ्याचदा जे पडद्यावर दिसतंय तेच सांगतात.

हे परीक्षण त्या बोलण्याचं आहे, चित्राचं नाही. चित्र सगळ्यांना एकच मिळतं. शर्यतीचं मूळ प्रक्षेपण फॉर्म्युला वनची स्वतःची यंत्रणा करते. ट्रॅकवरची दृश्यं इंग्लंडमध्ये लंडनच्या आग्नेय कडेला बिगिन हिलच्या केंद्रात येतात, तिथून जगभर जातात. स्काय स्पोर्ट्स घ्या, एफ-वन टीव्ही घ्या, नाहीतर २०२४ पासून भारतात शर्यती दाखवणारं फॅनकोड घ्या, ओव्हरटेक सगळीकडे त्याच कोनातून दिसतो. समालोचकाला बाजूच्या मॉनिटरवर काहीतरी भन्नाट दिसत असलं तरी ते आपल्याला दाखवणं त्याच्या हातात नसतं. फरक पडतो तो आवाजाने, आणि शर्यतीच्या आधी-नंतरच्या विश्लेषणाने. ब्रिटनमधल्या मराठी घरात स्कायचं पॅकेज घ्यायचं की चॅनल फोरवरच्या फुकट हायलाइट्सवर भागवायचं हा वाद असेल, तर तो शेवटी याच गोष्टीवर येऊन थांबतो.

माल सर्वांत चोख आहे तो स्काय पॅडवर. मार्च २०१२ मध्ये स्कायची एफ-वन वाहिनी सुरू झाली तेव्हापासून या भल्यामोठ्या टचस्क्रीनपुढे डेव्हिडसन उभा राहतो, २०१९ पासून चंढोकही. दोन ड्रायव्हरांच्या पात्रता फेरीतल्या लॅप शेजारी शेजारी लावायच्या, एकाच क्षणी सुरू करायच्या आणि कुठे कोण पुढे सरकतो ते दाखवायचं, एवढाच तो प्रकार. त्याचे तुकडे यूट्यूबवर येतात, त्यामुळे स्काय नसलेल्यालाही याची चव घेता येते.

इटलीतल्या मोन्झा ट्रॅकची पहिली शिकेन, म्हणजे वेग मोडायला लागोपाठ उलटसुलट ठेवलेली वळणं, घेऊ. ताशी ३३० किलोमीटरच्या वरून थेट पहिल्या-दुसऱ्या गियरपर्यंत उतरायचं, उजवीकडे, लगेच डावीकडे, आणि पुढे कुर्व्हा ग्रांदेचं लांबलचक वळण पूर्ण ॲक्सिलरेटरवर. समजा, एकाने चार-पाच मीटर उशिरा ब्रेक लावला. वळणात शिरताना तो अर्धी गाडी पुढे दिसतो. आपण घरात टाळ्या वाजवतो. इथे डेव्हिडसन चित्र थांबवतो आणि बोट हातांवर ठेवतो. स्टिअरिंग एकदा वळलं, थोडं सैल झालं, पुन्हा वळवावं लागलं. या दुसऱ्या वळवण्यात सगळी मेख आहे. उशिरा ब्रेक लावल्यामुळे पुढच्या टायरांवर वेग कमी करायचं ओझं अजून शिल्लक होतं, त्याच वेळी त्यांच्याकडे वळण्याचीही मागणी झाली, आणि टायरची पकड दोन्हीकडे वाटून पुरी पडत नाही. नाक बाहेर जातं. ड्रायव्हर वाट बघतो, ॲक्सिलरेटर सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाने उशिरा उघडतो, आणि तो उशीर पुढच्या अख्ख्या सरळपट्टीवर बरोबर वाहत जातो. दुसऱ्या शिकेनपाशी पोचेपर्यंत मघाचा पुढचा मागे गेलेला असतो. ब्रेक लावताना मिळवलेला वेळ तेवढ्या काही मीटरांपुरता असतो. वळणातून बाहेर पडताना मिळवलेला वेग मात्र पुढच्या ब्रेकपर्यंत व्याज देत राहतो.

ही गोष्ट डेव्हिडसनला दिसते आणि सांगता येते याचं कारण त्याच्या बक्षिसांच्या कपाटात सापडणार नाही. ते त्याच्या नोकरीत आहे. तो होंडाचा चाचणी ड्रायव्हर होता, नंतर अनेक वर्षं मर्सिडीजच्या सिम्युलेटरवर होता. चाचणी ड्रायव्हरचं काम वेगाने गाडी चालवण्याइतकंच बोलण्याचं असतं. दिवसभर फेऱ्या मारायच्या आणि दर फेरीनंतर अभियंत्याला सांगायचं की गाडी वळणात शिरताना मागून सुटते, मधे पुढून जाते की बाहेर पडताना चाक फिरतं. ‘जरा बरी वाटतेय’ असं उत्तर दिलं तर दुसऱ्या दिवशी बोलावत नाहीत. अंगाला जाणवलेलं शब्दांत मांडण्याची ही सवय वर्षानुवर्षं लागलेली असते, आणि पडद्यापुढे तीच विकली जाते. जन्मजात वेगवान माणसाला हे शब्द शोधायची वेळ कधी येतच नाही, त्याचं शरीर परस्पर निभावून नेतं. जागा टिकवण्यासाठी सहकाऱ्याच्या डेटावर रात्री घासणारा ड्रायव्हर मात्र दहाव्या हिश्शाचाही हिशेब मागतो. चंढोक तर दर महिन्याला पुढच्या महिन्याचा पत्ता नाही अशा अवस्थेत २०१० मध्ये एचआरटीची गाडी चालवत होता. नवा संघ, चाचण्या जवळजवळ नाहीत, बहारीनला पात्रता फेरीतच त्या गाडीची पहिली खरी ओळख. अशा माणसाला गाडीचं दुखणं ओळखता येतं.

स्काय पॅडचे दोष मात्र बघणाऱ्याने माहीत करून घ्यावेत, कारण सादरकर्ता ते क्वचितच बोलून दाखवतो. पहिला दोष जुळवणीचा. दोन्ही लॅप सुरुवातीच्या रेषेपासून एकत्र सोडल्या तर शेवटच्या वळणावर दिसणारा फरक आधीच्या सगळ्या वळणांची बेरीज असतो. त्या वळणावर कोण चांगला, हे त्यातून कळत नाही. प्रत्येक वळणाआधी पुन्हा जुळवल्या तर वळण नीट दिसतं, पण सरळपट्टीवर गेलेला वेळ गिळला जातो. कुठली पद्धत वापरली आहे ते सुरुवातीला सांगितलं तर ठीक, नाहीतर निष्कर्ष अर्धाच धरावा. दुसरा दोष वेळेचा. पात्रता फेरीत ट्रॅकवर रबर बसत जातं, तीन मिनिटं उशिरा निघालेल्याला आयती पकड मिळते. वारा फिरतो. मोन्झासारख्या ठिकाणी पुढच्या गाडीच्या आडोशाने सरळपट्टीवर फुकटचा वेग मिळतो. आपण दोन माणसांची तुलना बघतोय असं वाटतं, आणि प्रत्यक्षात दोन वेगळ्या मिनिटांची तुलना चाललेली असते. चंढोक हा आडोशाचा मुद्दा सहसा आठवणीने काढतो, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. तिसरा दोष कॅमेऱ्याचा. ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या उंचवट्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यातून वळणाच्या आतल्या कडेपासूनचं अंतर फसवं दिसतं, तेव्हा ‘हा कडेला जास्त चिकटला’ हे विधान चाकाजवळच्या चित्राशिवाय मानू नये.

ज्यांना घरी बसून हाच खेळ करायचा आहे त्यांच्यासाठी एक आकडेमोड. फॉर्म्युला वनच्या सार्वजनिक टाइमिंगमधून वेग, गियर, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांचा डेटा मिळतो, हौशी मंडळी त्याचे आलेख काढून समाजमाध्यमांवर टाकतात. पण त्यात सेकंदाला जेमतेम चार-पाच नोंदी असतात आणि ब्रेकची नोंद फक्त ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढीच, किती जोरात दाबला ते नाही. ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. दोन नोंदींमध्ये गाडी १७ ते २१ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे ‘अमक्याने आठ मीटर उशिरा ब्रेक लावला’ असं त्या आलेखावरून छातीठोकपणे सांगणारा माणूस चुकीच्या मोजपट्टीने कापड मापतोय. उलट सेकंदाला ५० फ्रेम धरल्या तर व्हिडिओची एक फ्रेम १.७ मीटरची. त्यामुळे ब्रेकच्या जागेसाठी आलेखापेक्षा गाडीवरच्या कॅमेऱ्याचं (ऑनबोर्ड) चित्र आणि इंजिनाचा आवाज जास्त भरवशाचे. गियर खाली पडल्याचे आवाज मोजा, पहिला आवाज कुठल्या फलकापाशी येतो ते बघा. डेव्हिडसनची पद्धत बरोबर का आहे, ते या भागाकारात आहे.

आता समालोचन कक्ष. तिथे दोन खुर्च्या असतात. पहिली खुर्ची काय घडलं ते सांगते, दुसरी का घडलं ते. स्कायवर पहिली डेव्हिड क्रॉफ्टची, दुसरी ब्रंडलची. बैलगाड्याच्या घाटात गाडा सुटला की निवेदक बैलांची, मालकाची, गावाची नावं घेत एकटाच सुटतो, कारण सगळा मामला काही सेकंदांत आटोपतो. दीड तासाच्या शर्यतीत तसं केलं तर घसाही बसेल आणि प्रेक्षकही उठून जाईल. दुसऱ्या खुर्चीची खरी परीक्षा गप्प बसण्यात आहे, आणि ब्रंडल त्यात पक्का. १९९७ मध्ये आयटीव्हीवर मरी वॉकरच्या शेजारी तो बसला तेव्हापासून, पुढे बीबीसी आणि मग स्काय, त्याची वाक्यं छोटीच राहिली आहेत. पुनर्दृश्य सुरू झालं की तो दोष कुणाचा हे लगेच जाहीर करत नाही. आधी पुढच्या चाकांचा कोन बघतो. ठोकर बसण्याआधी चाकं बाहेरच्या बाजूला फिरवलेली असतील तर ड्रायव्हर आधीच जागा सोडत होता किंवा मागून सुटलेली गाडी सावरत होता, सरळच असतील तर त्याने शेजारचा पाहिलाच नाही. ही युक्ती कुणालाही घरी वापरता येते आणि स्ट्युअर्ड्सचा, म्हणजे शर्यतीच्या पंचांचा, निकाल येण्याआधी बऱ्याचदा बरोबर अंदाज देते.

त्याची खुसखुशीत विनोदबुद्धी मात्र पूर्व इंग्लंडच्या मातीतली आहे आणि वेगात उच्चारलेली तिरकस वाक्यं आपल्याकडच्या कानाला निसटतात. त्या मानाने चंढोकचं इंग्रजी चेन्नईचं, स्वच्छ, आणि इतिहासाची आठवण अफाट. कधी कधी ती आठवणच आडवी येते. गाडी भिंतीला लागलेली असते आणि हा एका जुन्या हंगामातली तशीच घटना सांगायला घेतो. ब्रंडल आता प्रत्येक शर्यतीला जात नाही, त्या वेळी खुर्ची चंढोक, डेव्हिडसन किंवा जेन्सन बटनकडे येते. डेव्हिडसन आला तर तांत्रिक भाग सकस, पण सुरुवातीच्या गोंधळात तो आणि क्रॉफ्ट दोघेही एकदम बोलतात. बटन २००९ चा जगज्जेता, बोलायला गोड; टायर सांभाळण्यावर बोलू लागला की ऐकत राहावं, कारण त्या विद्येत तो खरोखर उस्ताद होता. बाकी वेळ तो सगळ्यांशी फारच चांगला वागतो. निको रोसबर्ग नेमका उलट. २०१६ चं विजेतेपद घेऊन लगेच निवृत्त झालेल्या या माणसाला कुणाची भीड नाही, ड्रायव्हरच्या डोक्यात काय चाललंय ते तो बोचरेपणाने सांगतो. जगज्जेत्यांमधला अपवाद म्हणून त्याचं नाव घ्यावं लागेल. जुन्यांत तसा अपवाद जेम्स हंट. १९७६ चा हा विजेता १९८० पासून १९९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत बीबीसीवर मरी वॉकरसोबत एकाच मायक्रोफोनवर बोलत होता आणि त्याला जे ड्रायव्हर आवडत नसत त्यांची थेट प्रक्षेपणात सालटी काढत होता.

एफ-वन टीव्हीवर ॲलेक्स जॅक्सच्या जोडीला पामर असतो. ज्या ॲपवर समालोचनाचा पर्याय निवडता येतो तिथे एकदा हा आवाज लावून पाहावा. पामर २०१४ चा जीपी-टू (फॉर्म्युला वनच्या खालची मालिका) विजेता, रेनोमध्ये दोन हंगाम टिकला नाही तोच जागा गेली. ते अपयश त्याने लपवलेलं नाही, उलट एखादा ड्रायव्हर सहकाऱ्यापेक्षा अर्धा सेकंद मागे पडतो तेव्हा त्याच्या खांद्यांत काय होतं, कुठल्या वळणात तो जास्त जोर लावून आणखी वेळ घालवतो, हे पामरइतकं नेमकं कुणी सांगत नाही. शर्यतीनंतरच्या त्याच्या छोट्या विश्लेषणाच्या फिती पूर्ण स्काय पॅकेजच्या निम्म्या कामाच्या आहेत.

ग्रिडवरची, म्हणजे शर्यत सुटण्याआधी गाड्या रांगेत उभ्या असतात त्या जागेवरची, भटकंती ही ब्रंडलची सर्वांत गाजलेली गोष्ट, आणि कामाच्या दृष्टीने सर्वांत हलकी. १९९७ च्या ब्रिटिश ग्रां प्रीपासून ती सुरू आहे. तिचं घड्याळ फार काटेकोर असतं. फॉर्मेशन लॅपच्या (शर्यत सुटण्याआधीच्या संथ फेरीच्या) ४० मिनिटं आधी पिट लेन (संघांच्या गॅरेजांसमोरचा रस्ता) उघडते, ३० मिनिटं आधी बंद होते. मग राष्ट्रगीत. १० मिनिटांचा इशारा झाला की ड्रायव्हर, अधिकारी आणि संघांची तांत्रिक माणसं सोडून सगळ्यांनी ग्रिड सोडायची. ३ मिनिटांच्या इशाऱ्यापर्यंत चाकं बसलेली हवीत. या दोन-चार फटींत, पूर्वतयारी नसताना, कानात निर्मात्याचा आवाज आणि समोर अंगरक्षकांची भिंत, अशी ती मुलाखत. ड्रायव्हर त्या वेळी बोलण्याच्या मनःस्थितीत नसतो आणि बोलला तरी ‘बघू या’च्या पुढे जात नाही. मग उरतात सिनेतारे आणि गायक. २०२१ मध्ये ऑस्टिनला एका गायिकेच्या ताफ्याने ब्रंडलला बाजूला सारलं त्याची जगभर चर्चा झाली, २०२२ मध्ये मायामीत त्याने बास्केटबॉलच्या खेळाडूला अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू समजून प्रश्न विचारले. करमणूक उत्तम. शर्यत समजून घ्यायची असेल तर त्या वेळात त्याच्या प्रश्नोत्तरांकडे दुर्लक्ष करून त्याच्या मागे बघा. टायरांवरची ब्लँकेटं निघताना कुठल्या गाडीवर लाल पट्टी (मऊ टायर), कुठल्यावर पिवळी (मध्यम), कुठल्यावर पांढरी (कडक), आणि मेकॅनिक पुढच्या पंखाचा कोन शेवटच्या क्षणी फिरवतोय का, एवढ्यावरून पहिल्या पंधरा फेऱ्यांचा अंदाज येतो.

डावपेचांच्या बाबतीत माजी ड्रायव्हर सरसकट कमी पडतात. गाडीत असताना हे गणित त्यांच्यासाठी दुसरं कुणीतरी करत होतं. ‘त्याचे टायर संपलेत’ हे वाक्य दर शर्यतीत दहा वेळा ऐकू येतं, त्यातलं निम्मं चुकीचं ठरतं. हिशेब असा. गाडीत १० किलो पेट्रोल जास्त असलं की फेरीला साधारण ०.३ सेकंद जातात. २०२५ पर्यंतच्या नियमांत शर्यतीसाठी जास्तीत जास्त ११० किलो होतं. ६० फेऱ्यांत १०० किलो जाळलं तर गाडी प्रत्येक फेरीला सुमारे पावणेदोन किलो हलकी होते, म्हणजे टायर जराही झिजले नाहीत तर वेळ दर फेरीला ०.०५ सेकंदांनी सुधारायला हवी. ड्रायव्हर सलग दहा फेऱ्या एकच वेळ नोंदवत असेल तर टायर ‘मस्त टिकलेत’ असं म्हणायचं नसतं, त्यांनी दहा फेऱ्यांत अर्धा सेकंद गमावलेला असतो आणि पेट्रोलने तो झाकलेला असतो. हे स्कायवर नीट सांगते बर्नी कॉलिन्स, आणि ती ड्रायव्हर नव्हतीच. मॅक्लारेनमध्ये अभियंता, ॲस्टन मार्टिनमध्ये डावपेचांची प्रमुख, २०२३ पासून स्कायवर. पिट स्टॉपमध्ये (टायर बदलायला थांबण्यात) वीस-बावीस सेकंद जाणार असतील तर मागच्याशी तेवढं अंतर आहे का, आणि बाहेर आल्यावर कुणाच्या मागे अडकणार, हे ती आधी सांगते. जिथे ती नसते तिथे डावपेचांची चर्चा म्हणजे कट्ट्यावरची गप्पा.

या धंद्याची दुसरी बाजू पैशांची. रेसिंग ड्रायव्हर विक्रीकला शिकतो ती निवृत्त झाल्यावर नव्हे. तो पहिली गाडी मिळवायलाच प्रायोजकाच्या दारात उभा असतो. तीनदा जगज्जेते झालेले जॅकी स्ट्युअर्ट १९६८ पासून रोलेक्सशी जोडलेले आहेत आणि निवृत्तीनंतर अमेरिकेत एबीसीवर बोलत होते, दोन्ही कामं एकाच खिशातली. गाय एडवर्ड्स, म्हणजे १९७६ मध्ये नुरबर्गरिंगवर जळत्या गाडीतून निकी लाउडाला बाहेर काढणाऱ्यांपैकी एक, पुढे प्रायोजक पकडून आणण्यात नावाजला. जग्वारच्या सिल्क कट रंगातल्या गाड्यांमागे त्याचा हात होता, आणि त्याच गाड्यांवर ब्रंडलने १९८८ चं स्पोर्ट्स कार विजेतेपद आणि १९९० ची ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. झॅक ब्राउन फॉर्म्युला वनपर्यंत पोचलाच नाही. त्याने १९९५ मध्ये मोटरस्पोर्ट मार्केटिंगची स्वतःची कंपनी काढली, २०१३ मध्ये विकली आणि आज मॅक्लारेन रेसिंग चालवतो. डेव्हिड कुल्थर्डने २०१० मध्ये दोन भागीदारांसोबत व्हिस्पर ही निर्मिती कंपनी उभारली, चॅनल फोरवरचे हायलाइट्स तीच बनवते आणि त्यांत बोलतोही कुल्थर्डच. आपल्याकडे हे नवल वाटू नये. गावसकरांनी निवृत्तीआधीच, १९८५ मध्ये, भागीदारीत पीएमजी ही क्रीडा व्यवस्थापन कंपनी काढली होती आणि समालोचनाची खुर्चीही सांभाळली.

अडचण येते ती दोन टोप्या एकाच डोक्यावर असताना. जो माणूस एखाद्या संघाच्या सिम्युलेटरवर पगार घेतो किंवा एखाद्या शीतपेयाचा दूत आहे, त्याला त्या संघाबद्दल सर्वांत जास्त माहिती असते आणि तो सर्वांत कमी बोलू शकतो. तो खोटं बोलत नाही, विषय बदलतो. त्या संघाचा पिट स्टॉप फसला की ‘अशा गोष्टी घडतात’ आणि दुसऱ्याचा फसला की मिनिटभर चिरफाड, हा फरक कानांनी टिपता येतो. खेळाच्या जागतिक संघटनेला, एफआयएलाही, हे जड गेलं आहे. जॉनी हर्बर्ट स्ट्युअर्डच्या खुर्चीवर बसून निर्णय देत होता आणि माध्यमांत मतंही देत होता. जानेवारी २०२५ मध्ये एफआयएने दोन्ही कामं एकत्र चालणार नाहीत असं सांगून त्याला मोकळं केलं. त्याच वर्षी कॅनडात डेरेक वॉरविकला माध्यमांतल्या वक्तव्यांमुळे त्या शर्यतीपुरतं दूर केलं गेलं आणि त्याच्या जागी एन्रिके बर्नोल्डीने जिनिव्हातून दूरस्थ काम पाहिलं. स्काय ब्रिटिशांच्या बाजूने झुकते ही तक्रार जुनीच आहे. २०२२ च्या मेक्सिको ग्रां प्रीत रेड बुलने वाहिनीशी बोलणंच बंद केलं होतं, अर्थात त्याचं कारण पिट लेनमधल्या पत्रकाराचं वक्तव्य होतं, कुठल्या माजी ड्रायव्हरचं नव्हे. पण हॅमिल्टन, रसेल किंवा नॉरिस यांतला कुणी ब्रिटिश ड्रायव्हर पुढे असला की कक्षातला आवाज अर्धा सूर चढतो हे कुणीही ऐकून सांगेल. ब्रंडलचा चढत नाही.

घ्यायचं की नाही? लंडन-स्लाऊकडच्या ज्या घरात शुक्रवारच्या सरावापासून रविवारपर्यंत टीव्ही चालू असतो, तिथे स्काय घ्यावं. शर्यत चालू असताना मध्ये जाहिराती येत नाहीत, आणि पात्रता फेरीनंतरच्या स्काय पॅडसाठी ते वसूल होतं. फक्त रविवारी बघणाऱ्याला चॅनल फोर पुरे, कुल्थर्ड थोडक्यात आणि नेमकं बोलतो, त्याच्या स्वतःच्या कंपनीचा कार्यक्रम असला तरी. भारतातल्या प्रेक्षकाने शर्यत जिथे दिसते तिथे बघावी आणि सोमवारी पामरची व डेव्हिडसनची विश्लेषणं यूट्यूबवर शोधून पाहावीत. शर्यतीआधीचा तास-दीड तासाचा स्टुडिओ सरळ टाळावा, त्यात दहा मिनिटांचा ऐवज असतो.

एक गोष्ट मात्र या सगळ्या मंडळींना नव्याने शिकावी लागते आहे. २०२६ च्या नियमांनी डीआरएस (ओव्हरटेकसाठी मागचा पंख उघडण्याची सोय) गेलं, पुढचे-मागचे दोन्ही पंख हलू लागले, विजेच्या मोटरची ताकद १२० वरून ३५० किलोवॅटवर गेली. बॅटरी मात्र अख्ख्या फेरीला पुरत नाही आणि ठरावीक वेगाच्या वर मोटरची मदत नियमानेच कमी होत जाते. म्हणून लांब सरळपट्टीच्या शेवटी ॲक्सिलरेटरची पट्टी पूर्ण भरलेली दिसते आणि वेगाचा आकडा तरीही थांबतो, कधी खाली येतो. जुन्या डोळ्यांना हे ‘पाय उचलला’ किंवा ‘लवकर ब्रेक लावला’ असं दिसतं. अशी गाडी यांच्यातल्या कुणीही शर्यतीत चालवलेली नाही. पुढच्या पात्रता फेरीत तेवढी एक जागा बघा : आकडा घसरू लागला की समालोचक ड्रायव्हरच्या पायाबद्दल बोलतो की वीज आधी कुठल्या वळणानंतर खर्च झाली ते विचारतो.